मोजून दिलेली पिशवी

बसदीच्या दाराशी पाटी होती:
चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा.
वर कन्नड, खाली मराठी.
एका नोव्हेंबरात कुणीतरी खालच्या ओळीला डांबर फासलं,
उन्हाळ्यात दुसऱ्या कुणीतरी वरच्या.
मग नुसतीच काळी पाटी.
तरी माणसं यायची, वाचल्यासारखी थांबायची,
पट्टा काढायची, पाकीट काढायची,
घड्याळाचा पट्टा चामड्याचा की रेक्झिनचा
यावर दोन्ही भाषांत भांडायची.
भिंतीला सतरा खिळे,
पट्टे लोंबायचे पडवळासारखे.

मी उपाध्येंची पोर.
अप्पांचं धोतर-उपरणं मी धुवायची,
काठीनं दोरीवर टाकायची, काठीनंच काढायची.
माझं परकर-पोलकं त्याला लागलं
की पुन्हा विहीर, पुन्हा पिळणं.

चिकोडी डेपोची सातची गाडी
दूधगंगेचा पूल ओलांडून यायची,
पारापाशी दहा मिनिटं थांबायची.
ड्रायव्हर चहाला, जिनगोंडा कंडक्टर बसदीला.
बसदीला म्हणजे, पायरीला.
खांद्यावर चामड्याची पिशवी,
आत तिकिटांचे गठ्ठे आणि गावोगावची चिल्लर.
"माझा पट्टा असता तर लावला असता खिळ्याला.
ही सरकारची हाय. हिशेब द्यावा लागतोय."
अप्पा उंबऱ्याच्या आतून गंधोदक सोडायचे
त्याच्या ओंजळीत, वरून, हात न लागता.
तो डोळ्यांना लावायचा, टोपी सारखी करायचा, निघायचा.
किती वर्षं, त्यालाच ठाऊक.

तेराव्या वर्षी मीही पायरीला आले.
महिन्यातले चार दिवस.
डोक्यावर पदर कसा घ्यायचा ते आई शिकवत होती,
कुठं उभं राहायचं ते कुणी शिकवलं नाही,
ते अंगणच सांगतं.

पहिल्या दिवशी जिनगोंडाला कळलं.
तो काळ्या पाटीकडं बघत राहिला,
जणू खाली अजून अक्षरं आहेत,
आणि एक पायरी सरकून त्यानं मला सावली दिली.

दुसऱ्या महिन्यात मीच म्हणाले,
"द्या इकडं. मला आज आत जायचंच नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
पायरीवर बसला, पिशवी उघडली,
नोटा वेगळ्या, नाणी वेगळी,
"दोनशे सोळा रुपये, चाळीस पैसे. तू मोज."
मी मोजले. चाळीस पैसे दोनदा.
मग त्यानं पाय धुतले, घोट्याच्या वरपर्यंत,
उपरणं नव्हतं म्हणून हातरुमाल डोक्याला,
आणि गेला.

पिशवी जड होती.
पट्ट्याला घामाचा वास, तंबाखूच्या पानांचा,
निपाणीच्या बाजारातल्या हजार हातांचा.
आतून त्याचा आवाज आला, णमोकार म्हणताना
कंडक्टर कसा म्हणेल तसा,
घाईघाईनं, प्रत्येक स्टॉप घेत.

पुढं महिन्यातून चार दिवस
जिनगोंडा कंडक्टर आत जाऊ लागला.
तारखांचा मेळ गावात कुणाला लागला नाही.
अप्पांना लागला असावा;
त्या दिवसांत ते अभिषेक जरा सावकाश करायचे,
आणि ड्रायव्हरला दुसरा चहा आमच्या घरातून जायचा.

अथणीला दिलं मला, सतराव्या वर्षी.

आता तिकिटाचं मशिन आहे, पिशवी कापडी.
नवा कंडक्टर चपला काढतो, सरळ आत जातो,
आणि मोबाईल वाजतो.
पाटी ग्रॅनाइटची झाली, ओळी कोरलेल्या.
वर-खालीचा वाद मिटवायला शेजारी शेजारी.

परवा जिनगोंडा भेटला, पारावर, रिटायर.
विचारलं, मी गेल्यावर पिशवी कुणाकडं द्यायचात?
"कुणाकडं न्हाई."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
"धरणारे लई होते, पोरी.
मोजून घेणारं कोण न्हवतं."

मी आत जाऊन आले.
तो पायरीवर थांबला होता,
माझी पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून.